टिकाऊतून टाकाऊ

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा आणि वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाची बातमी करायला गेलो होतो. 'टाकाऊतून टिकाऊ' गटात पहिला नंबर आला तो 'जुन्या रेडिओचा ब्लूटूथ स्पीकर' या प्रकल्पाला. बातमी चार ओळींची दिली, फोटोसकट छापून आली. बातमीत जे बसलं नाही ते इथं लिहितोय.

तो रेडिओ चालू होता.

पोरगं आठवीतलं, चुणचुणीत. मी विचारलं, "बाळा, यातले व्हॉल्व्ह कुठं गेले?" म्हणाला, "त्या काचेच्या बाटल्या ना काका? सरांनी काढायला सांगितल्या." "आणि रेडिओ बंद पडला होता का?" "नाही. आजोबा लावायचे कधीकधी. खरखर यायची."

म्हणजे बघा. लाकडी मर्फी, ठाण्याच्या कारखान्यात बनायचा तो, पोराच्या बापाच्या वयापेक्षा जुना. लावला की लागत होता. त्याचा ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, गँग कंडेन्सर, व्हॉल्व्ह, सगळं उपटून भंगारात गेलं. आत बाजारातला तयार ब्लूटूथ डबा गोंदानं चिकटवला. पुढची डायल शोभेला ठेवली. बटण फिरवलं की काटा सरकतो, पण त्या काट्याला आता मुंबई लागत नाही, पुणे लागत नाही, कोलंबो तर नाहीच. आणि आपण टाळ्या वाजवल्या. परीक्षक म्हणाले, "नावीन्यपूर्ण."

पोराची चूक शून्य. त्याला सांगितलं ते त्यानं केलं, नीट केलं. माझा राग आहे तो सांगणाऱ्यांवर आणि नंबर देणाऱ्यांवर. चालू वस्तू बंद करून तिच्या खोक्यात दुसरी वस्तू ठेवणं हा इलेक्ट्रॉनिक्सचा प्रकल्प कसा होतो, मला कुणीतरी समजावून सांगा.

कारण त्या रेडिओवर ब्लूटूथ लावायला काहीच उपटायची गरज नव्हती. हे मला स्टँडसमोरच्या गल्लीतल्या रेडिओवाल्या काकांनी दाखवलं. अशा बऱ्याच सेटांच्या पाठीमागे दोन भोकं असतात, शेजारी 'पी.यू.' लिहिलेलं किंवा तबकडीचं चित्र. ग्रामोफोन जोडायची जागा ती. तबकडीचा बारीक आवाज तिथनं आत शिरायचा आणि रेडिओच्याच व्हॉल्व्हमधून मोठा होऊन बाहेर यायचा. मोबाईलचा आवाज त्याच दारानं आत जातो. ब्लूटूथचा एक छोटा रिसीव्हर, डावा-उजवा आवाज एकत्र करायला दोन रेझिस्टर आणि वायर. बस्स. रेडिओ रेडिओच राहतो, आणि आजोबांचं भजन मोबाईलवरून त्याच लाकडी पेटीतून वाजतं.

आता विचार करा, असं केलं असतं तर पोरगं काय काय शिकलं असतं. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट का लागतो. आवाज आधी बारीक असतो तो टप्प्याटप्प्यानं मोठा कसा होतो. खरखर येते ती कशानं. बऱ्याचदा आवाजाच्या बटणाखाली साचलेल्या धुळीनं, नाहीतर म्हाताऱ्या झालेल्या कंडेन्सरनं. दोष शोधायचा कसा, हेच तर शिकायचं असतं! आजचा टीव्ही उघडून तुम्ही काय बघणार? एक पट्टी, त्यावर काळे ठिपके. या सेटात प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो.

हो, धोका आहे, आणि तो लपवत नाही. आत अडीचशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये तो काही वेळ राहू शकतो. काही सेटांत ट्रान्सफॉर्मरच नसतो, एसी-डीसी म्हणतात त्याला. त्याची लोखंडी चौकट थेट घरातल्या लाईनला जोडलेली असते. त्याला मोबाईलची वायर लावली तर शॉक मोबाईल धरणाऱ्याला. म्हणून तर जाणता माणूस शेजारी पाहिजे. तो माणूस शाळेपासून दहा मिनिटांवर बसलाय. सत्तरी पार केलीय, हल्ली मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतो कारण दुसरं काही येतच नाही. त्याला कुणी विचारलं? मी विचारलं, "काका, शाळेनं कधी बोलावलं?" ते नुसतं हसले आणि मिक्सरचा ब्रश बदलायला लागले.

आणि पैसे नाहीत म्हणू नका. २०१६ पासून केंद्राची अटल टिंकरिंग लॅबची योजना आहे, निवडलेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. आमच्या भागातल्या एका शाळेत अशी लॅब आहे. नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा कुलूप. चावी ज्यांच्याकडे ते मीटिंगला. खिडकीतून पाहिलं तर सोल्डरिंगच्या पेट्या प्लास्टिकच्या वेष्टनात, जशा आल्या तशा.

दिल्लीतही गंमत आहे. ग्राहक व्यवहार खात्यानं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं. दुरुस्तीचा हक्क! कागदावर हक्क द्यायचा आणि गावात दुरुस्ती करणारी शेवटची पिढी मिक्सरवर जगवायची.

कुणी म्हणेल, पत्रकारसाहेब, मीडियम वेव्हची केंद्रं एकेक बंद होतायत, त्या पेटीवर ऐकायचं काय? बरोबर आहे. म्हणूनच पाठीमागची ती दोन भोकं. आणि खरंच जो सेट मेलाय, वाळवी लागलीय, व्हॉल्व्ह फुटलेत, दुरुस्तीला भागच मिळत नाहीत, त्याच्या खोक्यात खुशाल ब्लूटूथ बसवा. माझी काही तक्रार नाही. फक्त मेलाय की नाही ते आधी बघा.

हे मी कुठल्या तोंडानं सांगतोय तेही सांगतो. आमच्या अण्णांचा रेडिओ मी स्वतः भंगारवाल्याला दोनशे रुपयांत घातला. पत्रकारितेचा डिप्लोमा झालेला शहाणा मी, म्हणलं अडगळ कशाला. अण्णा काही बोलले नाहीत. पुढं काकांकडे विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या वडिलांनी माझ्याकडे आणला होता की तो. एकच व्हॉल्व्ह गेलेला. मी मागवून ठेवला होता." तो व्हॉल्व्ह त्यांच्या ड्रॉवरमध्ये अजून आहे, पुठ्ठ्याच्या डबीत.

तर शिक्षणखात्यातल्या साहेबांना, मुख्याध्यापकांना आणि पुढच्या परीक्षकांना जाहीर विनंती. पुढच्या वर्षी जुन्या वस्तूचा प्रकल्प आला की पोराला पहिला प्रश्न हा विचारा: यात बिघडलं काय होतं, आणि तू ते कसं शोधलंस? परीक्षकांच्या तीन खुर्च्यांतली एक मेकॅनिकला द्या, मानधनासकट. आणि त्या लॅबची चावी शनिवारी तरी गावात राहू द्या.

रेडिओवाले काका रविवारी सकाळी दोन तास पोरांना शिकवायला तयार झालेत. जागा अजून ठरलेली नाही. वाचनालयाचा मागचा हॉल मिळतो का बघतोय, कुणाची ओळख असेल तर सांगा. ज्यांच्या माळ्यावर जुना सेट आहे त्यांनी मला मेसेज करा. आणि उत्साहाच्या भरात तो लगेच प्लगला लावून बघू नका. वर्षानुवर्षं बंद सेट एकदम लावला तर जुने कंडेन्सर दगा देतात आणि ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. धूळ पुसा, मागचा पुठ्ठा तसाच राहू द्या आणि घेऊन या.