धागा अस्सल, चिठ्ठी खोटी

अल्जेरियाच्या युद्धातला (१९५४–६२) फ्रेंच पॅराट्रूपर उभा करायचा, तर हौशी मंडळी काय काय जमवतात! १९४७च्या नमुन्याचं चट्ट्यापट्ट्यांचं जॅकेट, मानेवर कापड सोडलेली बिजार टोपी, मॅट-४९ सबमशीनगनची प्रतिकृती. शिलाईचा धागा चुकला तरी भांडतील. भांडोत बापडे, जुन्या कापडाचा अभ्यास हा काही गुन्हा नाही.

पण फील्ड टेलिफोनचं काय? त्याचा हाताने फिरवायचा जनरेटर कैद्यांच्या अंगाला तारा लावून फिरवला जायचा. 'जेजेन' म्हणत त्याला. आंरी आलेग या पत्रकाराने असा छळ सोसून १९५८मध्ये पुस्तक लिहिलं. सरकारने ते जप्त केलं. गणिताचा तरुण अध्यापक मोरीस ओदँ याला १९५७मध्ये पॅराट्रूपर्सनी उचललं, तो परतलाच नाही. राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी राज्यसंस्थेची जबाबदारी मान्य केली, तीही थेट २०१८ साली.

तेच यंत्र 'संपर्काचं साधन' अशी चिठ्ठी लावून मांडायचं आणि वर म्हणायचं, आम्हाला राजकारण नको, फक्त इतिहास! मग इतिहास पूर्ण लिहा. नाहीतर त्या टेबलावर नुसती जॅकेटं ठेवा आणि फलकावर 'कपड्यांचं प्रदर्शन' असं लिहा.