भिवंडीच्या जीर्ण इमारतींचा भार कोणी उचलायचा?

२१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीच्या पटेल कंपाऊंडमधील जिलानी इमारत झोपलेल्या कुटुंबांवर कोसळली आणि किमान ३८ जीव गेले. मुंबई उच्च न्यायालयाने या दुर्घटनेची स्वतःहून दखल घेतली. चौकशीची घोषणा झाली, मदतीचे धनादेश निघाले. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर त्याच दिवशी मागायला हवे होते, तो आजही अनुत्तरित आहे: जीर्ण इमारती पाडून त्या जागी माणसांना राहण्याजोगी घरे बांधायची, तर पैसा कोणाचा?

महापालिका अधिनियमाचे कलम २६४ आयुक्तांना धोकादायक इमारत रिकामी करविण्याचा आणि पाडण्याचा अधिकार देते. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर यादी निघते, भिंतींवर नोटिसा लागतात. मात्र नोटीस घर देत नाही. यंत्रमागावर बारा-बारा तास राबणारा कामगार घर सोडून जाणार कोठे? भाड्याची पावती नसली, तर उद्या त्या जागेवरचा त्याचा हक्क कोण मान्य करणार? तो इमारत सोडत नाही, त्यामागे हे साधे व्यवहारज्ञान आहे. त्याला अडाणी ठरविणाऱ्यांनी आधी त्याच्या मुलाबाळांसाठी छप्पर दाखवावे.

शासनाचे आवडते उत्तर ठरलेले आहे: वाढीव चटईक्षेत्र द्या, विकसक आपोआप येईल. या उत्तरात एक गृहीत दडलेले आहे. विकसकाचा नफा जास्तीच्या सदनिका बाजारभावाने विकून निघतो. म्हणून जेथे जमीन महाग तेथेच तो जातो. साच्यांच्या खडखडाटात, अरुंद गल्लीत, घर आणि कारखाना एकाच भिंतीला टेकलेल्या वस्तीत त्याला फायदा दिसत नाही. जेथे दिसेल तेथे पावती नसलेला भाडेकरू त्याच्या हिशेबात बसणार नाही.

दुसरा मार्ग स्वयंपुनर्विकासाचा. १३ सप्टेंबर २०१९ च्या शासननिर्णयाने त्याला सवलती दिल्या. सहकारी संस्थेने स्वतः कर्ज काढून आपली इमारत बांधावी, ही कल्पना आम्हांला प्रिय आहे. पण त्यासाठी नोंदणीकृत संस्था हवी, जमीन तिच्या नावावर हवी, सभासदांची पत हवी. भाड्याच्या चाळीत यातले काहीच नसते.

तिसरा मार्ग कर्जरोख्यांचा. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे विकले, ते स्वतःच्या उत्पन्नाच्या बळावर. २०११ च्या जनगणनेनुसार सात लाखांवर वस्ती असलेल्या भिवंडीजवळ ते बळ कोठे आहे? जकात गेली, स्थानिक संस्था कर गेला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यापासून महापालिका राज्याच्या भरपाई अनुदानाकडे डोळे लावून आहे. आणि तालुक्यातील अवाढव्य गुदामे? ती बहुतांशी राहनाळ, पूर्णा, काल्हेर, माणकोली अशा गावांत, महापालिकेच्या हद्दीबाहेर आहेत. तेथील मालमत्ताकर शहराच्या तिजोरीत पडत नाही. तेथील हमाल मात्र शहरातही राहतो.

मग उपाय कोणता? तो मुंबईत १९६९ पासून अस्तित्वात आहे. त्या वर्षीच्या कायद्याने इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन झाले, १९,६४२ इमारती उपकराच्या कक्षेत आल्या आणि त्या निधीत शासनाने व महापालिकेने भर घालावी असे ठरले. या मंडळाचे दोष आम्ही झाकणार नाही. निधी नेहमीच अपुरा पडला आणि संक्रमण शिबिरांत कुटुंबांच्या पिढ्या गेल्या. तरीही पडत्या घराची जबाबदारी सार्वजनिक आहे हे तत्त्व त्या कायद्याने मान्य केले. ते तत्त्व मुंबई बेटापुरते का? भिवंडीचा माणूस ढिगाऱ्याखाली कमी मरतो काय?

आमची मागणी स्पष्ट आहे. भिवंडीसाठी, आणि अशाच इतर शहरांसाठी, कायद्याने पुनर्रचना निधी उभारावा. त्यात मालकाने ऐपतीप्रमाणे उपकर द्यावा. राज्याने त्याहून मोठा वाटा द्यावा. आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने गुदामांच्या गावांतून मिळणाऱ्या विकास शुल्काचा व अधिमूल्याचा ठरावीक हिस्सा द्यावा. रस्ते आणि मेट्रो यांनी जमिनीचा भाव वाढतो तो जनतेच्या पैशाने. त्या वाढीवर पहिला हक्क जनतेचा. निधीतला पहिला रुपया संक्रमण घरांवर खर्च व्हावा, इमारत पाडण्यावर नंतर.

हे स्वप्नरंजन म्हणणाऱ्यांनी गोरेगावला जाऊन यावे. मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नागरी निवारा परिषदेने कमाल जमीन धारणा कायद्याखालील जमिनीसाठी लढा दिला आणि दिंडोशीला सामान्यांची हजारो घरे उभी केली. तो कायदा राज्याने २००७ मध्ये गुंडाळला. लढ्याचा धडा गुंडाळता येत नाही.

तोवर कार्यकर्त्यांनी एक काम हाती घ्यावे. धोकादायक ठरलेल्या प्रत्येक इमारतीत जाऊन कोण राहतो, किती जागेत, किती वर्षांपासून, याची रहिवाशांच्या सह्यांनिशी नोंद करावी आणि तिची एक प्रत महापालिकेत दाखल करून पोच घ्यावी. निधी उद्या मंजूर झाला, तर हक्काचा पुरावा तोच कागद असेल. पुढच्या पावसाळ्याच्या आत हे काम झाले पाहिजे.