निकाल वाढला, मूल मागेच राहिले

अटलांटा हे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे जन्मगाव. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या राजकारणाचे, चळवळीचे मोठे केंद्र. या शहरातील सरकारी शाळांत बहुसंख्य मुले कृष्णवर्णीय आणि गरीब घरांतील. २००० नंतर जॉर्जिया राज्याच्या चाचणीत या शाळांचे गुण वर्षागणिक वाढत गेले. शाळांच्या अधीक्षक बेव्हर्ली हॉल यांना २००९ मध्ये देशातील सर्वोत्तम अधीक्षक म्हणून गौरवण्यात आले. वंचितांची मुलेही पुढे जाऊ शकतात, याचा पुरावा म्हणून अटलांटाचे नाव घेतले जाऊ लागले.

मग 'अटलांटा जर्नल-कॉन्स्टिट्यूशन' या वृत्तपत्राने या वाढीवर शंका घेतली. राज्याने उत्तरपत्रिका तपासल्या. पेन्सिलने भरलेले गोळे खोडून पुन्हा भरले, तर तपासणीच्या यंत्राला ते कळते. काही वर्गांत चुकीचे उत्तर खोडून बरोबर केल्याच्या खुणा इतक्या होत्या की ते मुलांचे काम असणे शक्यच नव्हते. जुलै २०११ च्या चौकशी अहवालानुसार तपासलेल्या ५६ पैकी ४४ शाळांत गैरप्रकार झाला होता. १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांचा त्यात हात होता आणि ८२ जणांनी कबुली दिली. एका शाळेचे शिक्षक तर सुट्टीच्या दिवशी घरी एकत्र बसून उत्तरे बदलत होते.

हे सगळे लोक मुळात लबाड होते का? 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' या केंद्रीय कायद्याने चाचणीच्या गुणांवर शाळेचे भवितव्य ठरत होते. त्यावर जिल्ह्याने स्वतःची लक्ष्ये लादली. लक्ष्य गाठले तर बोनस, चुकले तर नोकरी धोक्यात. एका शाळेत वर्गाचे गुण कमी आले म्हणून शिक्षिकेला भर बैठकीत टेबलाखालून रांगायला लावल्याची नोंद अहवालात आहे. शिक्षण खात्याची वरून खाली येणारी भीती आपल्याकडच्या शिक्षकांना काही नवी नाही.

२०१५ मध्ये ११ जण दोषी ठरले, तेही टोळीबाज गुन्हेगारांसाठी केलेल्या कायद्याखाली. तिघा वरिष्ठांना आधी सात वर्षांचा तुरुंगवास सुनावला गेला, तो नंतर तीन वर्षांवर आला. हॉल यांनी आरोप फेटाळले होते. खटला चालण्याआधी आजारपणामुळे त्या बाजूला राहिल्या आणि निकालापूर्वीच वारल्या.

पण खरे नुकसान मुलांचे झाले. ज्या मुलाला वाचता येत नव्हते त्याच्या कागदावर 'पात्र' लिहिले गेले, आणि मागे पडलेल्या मुलांसाठी असलेल्या जादा शिकवणीचा त्याचा हक्क तिथेच संपला. त्याच्या आईवडिलांना वाटले, पोरगा हुशार निघाला. खोट्या गुणाने मुलाची अडचणच दिसेनाशी केली. नापास होण्याहून हे वाईट, कारण नापास मुलाकडे निदान कोणीतरी पाहते.

महाराष्ट्रात 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला, तेव्हा पायाभूत चाचण्यांचे पेपर शाळेतलेच शिक्षक तपासत आणि तेच गुण ऑनलाइन भरत. त्यावरून कोणावर आरोप करता येत नाही. पण जो शिकवतो त्याचीच परीक्षा त्या आकड्यावर होणार असेल, तर तो आकडा किती खरा मानायचा? आता तर पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे. मूल नापास झाले तर जादा मार्गदर्शन, मग पुनर्परीक्षा, आणि तरीही नाही जमले तर त्याच वर्गात. झेडपीच्या आणि पालिकेच्या शाळांत मुले कोणाची आहेत, हे वेगळे सांगायला नको. म्हणजे इथे दोन्ही बाजूंनी धोका आहे: गुण फुगवले तर मदत मिळणार नाही, आणि मदत न देताच परीक्षा घेतली तर मूल शाळा सोडेल.

वस्तीतल्या कार्यकर्त्यांच्या हातात एक जागा आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यात प्रमाणशीर स्थान द्यावे लागते. अनेक ठिकाणी ही समिती सह्यांपुरतीच उरली आहे. पुढच्या बैठकीला जाऊन शाळेची टक्केवारी ऐकून घ्या, पण तिथेच थांबू नका. पाचवीच्या किती मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो, मागे पडलेल्यांना जादा मार्गदर्शन कोण देते, आठवड्यात किती तास, हे विचारा. आणि ही उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या.