काय होत नसतंय!

आमच्या धाराशिव जिल्ह्यातला माणूस भोळा आहे असं ज्याला वाटत असेल, त्याने एकदा खरेदीखताच्या वेळी हजर राहावं. चतुःसीमा तीनदा वाचून घेतात. बांधावरची बाभळ, विहिरीतला हिस्सा, काही सुटत नाही. निरक्षर म्हातारासुद्धा दोघांकडून वाचून घेतल्याशिवाय अंगठा उठवत नाही. आणि हाच माणूस संगणकापुढे बसला, की लांबलचक करारनाम्याखालचं ‘मी सहमत आहे’ न वाचता दाबून मोकळा!

१ एप्रिल २०१० रोजी इंग्लंडातल्या ‘गेमस्टेशन’ या दुकानाने इंटरनेटवरच्या विक्रीच्या अटींत ग्राहकाचा आत्माच लिहून घेतला. साडेसात हजार लोकांनी तो दिला! चेष्टाच होती म्हणा. शिवाय आत्म्याला आधार क्रमांक नसतो.

आमच्या गावच्या सेवा केंद्रातल्या संगणकात मात्र अख्ख्या गावाचे आधार, पासबुकं, सोयाबीनच्या विम्यासाठी दिलेले सातबारे आहेत. आणि त्यातलं टायपिंगचं सॉफ्टवेअर चोरीचं. परवान्याचं कुलूप फोडणारा तो ‘क्रॅक’ चालावा म्हणून आधी अँटिव्हायरस बंद करायचा. म्हणजे चोराला त्रास नको म्हणून दारचं कुत्रं बांधून ठेवायचं! मी हटकलं, तर खुर्चीतलं पोरगं म्हणतं, “काय होत नसतंय काका.”

होतं बाबा. २०२४ पासून ‘क्लिकफिक्स’ नावाची एक लबाडी जगभर चालू आहे. पडद्यावर पाटी येते : आपण रोबो नाही हे सिद्ध करा. त्यासाठी विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. तोवर त्या पानाने तुमच्या नकळत एक हुकूम कॉपी करून ठेवलेला असतो. तुम्ही तो स्वतःच्या हाताने चिकटवता, आणि पासवर्ड घर सोडून जातात. पूर्वी देवीच्या नावाने पोस्टकार्डं यायची, अकरा प्रती करून पाठवा म्हणून. तीही न्‌ कळत्या भीतीपोटीच केलेली नक्कल. पण हाताने लिहावी लागे, निदान मजकूर डोळ्यांखालून जाई. पेस्टला तेवढेही कष्ट नाहीत.

बरं, चोरी करायचं कारण तरी काय? लिब्रे ऑफिस फुकट आहे आणि कायदेशीर आहे. ‘मुक्ता’सारखा देखणा देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्यावर मिळतो. त्या पोराला हे सगळं सविस्तर सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “ते ठीकय काका, पण ह्याचा क्रॅक कुठं मिळतो?”