जुन्या यंत्रासाठी नव्याचे दार उघडू नका

खडकवासल्यातील आमच्या कापड दुकानात आयबीएमच्या ओएस/२ प्रणालीचा जुना संगणक अजून चालतो. नव्या विंडोज संगणकावरील सामायिक फोल्डर मात्र त्याला उघडेना. जुना संगणक एसएमबी-१ ही जुनी बोली बोलतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय विषाणू तिच्यातील दोषातूनच जगभर पसरला; त्याच वर्षापासून नव्या विंडोजमध्ये ती बंदच येते.

दुरुस्तीवाले म्हणतात, ‘चालू करा, काम होईल.’ आम्हाला हे पटत नाही. गिऱ्हाइकांचा हिशेब आपल्याकडे अमानत आहे. त्यापेक्षा मधे लिनक्स व सांबा घातलेला साधा संगणक ठेवावा. त्यात जुनी बोली सुरू करावी, फायली तिथेच ठेवाव्यात. मधल्याला आणि जुन्याला इंटरनेट देऊ नये. बांधवांनो, थोड्या खर्चात अमानत सलामत राहते.