सायकल घ्यावी, पण काळ्या मातीला विचारून

मधुमेह, रक्तदाब आणि सुटलेले पोट या त्रिकुटावर डॉक्टर मंडळी हल्ली सायकल सुचवतात. सल्ला योग्यच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. घर ते कचेरी जाऊन-येऊन अर्धा तास लागत असेल, तर पाच दिवसांत हा हिशेब आपोआप पुरा होतो. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही आणि कुणाला फीही द्यावी लागत नाही. ब्रिटनमधील २,६३,४५० लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. मोटारीने किंवा बस-रेल्वेने कामावर जाणाऱ्यांपेक्षा सायकलने जाणाऱ्यांत मृत्यूचा धोका त्यात ४१ टक्क्यांनी कमी आढळला. हे सारे श्रेय एकट्या सायकलचे आहे असे त्यावरून म्हणता येणार नाही, पण दखल घ्यावी असा हा आकडा नक्कीच आहे.

तरीही आपल्याकडे घडते काय? दिवाळीला हौसेने सायकल घेतली जाते. आषाढ लागला की ती जिन्याखाली जाते आणि तिच्या हँडलवर टॉवेल वाळू लागतात. घरचे म्हणतात, ‘यांच्यात चिकाटीच नाही.’ आमचे मत थोडे वेगळे आहे. पुष्कळदा दोष माणसाच्या मनाचा नसतोच. सायकल रंग आणि दिमाख पाहून घेतलेली असते. रस्ता आणि स्वतःचे पाय पाहून घेतलेली नसते.

खानदेशातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसात फुगून चिकट होते. आपल्याकडे ज्याला ‘गारा’ म्हणतात, तो चिखल टायर आणि मडगार्ड यांच्यात गच्च बसतो आणि चाक फिरेनासे होते. रावेर-यावलच्या केळीच्या बागांकडे जाणारी वाट घ्या, नाहीतर धुळ्याजवळच्या खेड्यातला शिवाररस्ता घ्या, अनुभव एकच. भरीला बाभळीचे काटे आणि सराटे असतातच. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या डांबरी रस्त्यावर चालणारी सायकल आपल्याकडे चालेलच असे नाही.

युरोपात थंडीच्या दिवसांत मुद्दाम चिखलातून सायकली हाकण्याची ‘सायक्लोक्रॉस’ नावाची शर्यत असते. फ्रान्समध्ये १९०२ साली तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. त्या सायकली आपल्या खिशाला परवडणाऱ्या नाहीत. पण त्यांच्यातली तीन सूत्रे फुकट घेता येतात. चाकाभोवती भरपूर मोकळी जागा, खाचांचा टायर आणि खांद्यावर उचलता येईल इतके वजन. दुकानात जाताना ही तीन सूत्रे लक्षात ठेवावीत.

जुन्या घाटाची काळी सायकल मजबूत खरी. पण वजनाने जड, आणि पावसात तिचे लोखंडी दांड्यांचे ब्रेक घसरतात. तरुणांना भुरळ पडते ती जाड टायरच्या, पुढे-मागे शॉकॲब्सॉर्बर लावलेल्या स्वस्त सायकलींची. हे स्वस्तातले शॉकॲब्सॉर्बर वजन वाढवतात, पायाचा जोर खातात आणि चिखल-पाण्याने गंजून घट्ट होतात. आमच्या मते रोजच्या कामासाठी शॉकॲब्सॉर्बर नसलेली, साध्या सरळ फोर्कची, ‘हायब्रिड’ नावाने मिळणारी सायकल बरी. दहा-पंधरा हजारांच्या आसपास ती मिळू शकते. सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, हेही भाव करताना ध्यानात असू द्यावे. टायर आणि फोर्क यांच्यात अंगठा सहज शिरतो का, हे दुकानातच पाहा. शिरत नसेल तर ती सायकल आपल्या मातीची नव्हे.

नवी सायकल घेण्याची ऐपत नसेल तर घरातली जुनीच सुधारून घ्यावी. मात्र पैसे कुठे आधी घालायचे याचा क्रम चुकू नये. पहिला मान ब्रेकचा. झिजलेले रबर बदला, रिमचा आऊट काढून घ्या. दुसरा मान टायरचा. मधोमध सलग आणि कडेला खाचा असलेला टायर डांबरावर आणि मातीवर दोन्हीकडे चालतो. काट्यांसाठी ट्यूबबाहेर जाड पट्टी टाकून घ्यावी. तिसरा मान दिव्यांचा. मागे लाल दिवा आणि पुढे पांढरा, दोन्ही हवेत. राहता राहिला जोर. साध्या सायकलचे मागचे फ्रीव्हील बहुधा १८ दात्यांचे असते. त्याजागी २२ दात्यांचे बसवले आणि चेन थोडी वाढवली, तर चढावर पायाला जोर जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी लागतो. वेग थोडा घटतो, पण गुडघे दुवा देतात. महागड्या गिअरपेक्षा हा उपाय कितीतरी स्वस्त!

आता सीटची उंची. सायकलमुळे गुडघे दुखतात अशी तक्रार घेऊन येणाऱ्या अनेकांची सीट फार खाली असते. थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून आपण ती खाली ठेवतो आणि गुडघ्याच्या वाटीवर ताण आणतो. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो. हीच योग्य उंची. सीट उंच करूनही हात बधिर होत असतील तर हँडल थोडे वर घ्यावे. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळतात. त्या मुली दरवर्षी उंच होतात, सीट मात्र आहे तिथेच राहते. पालकांनी वर्षातून दोनदा पाना हाती घ्यावा.

मधुमेह्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात गूळ-साखर असू द्यावी. चिखलातून आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करावेत, जखम आहे का पाहावे. पायाची संवेदना कमी झाली असेल तर लागलेले कळत नाही. चिखलात जखम झालीच तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबाबत डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखणे, चक्कर किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल, तर आधी तपासणी आणि मग सायकल. चैत्र-वैशाखात ऊन चढल्यावर सायकलचा हट्ट करू नये. खानदेशचा उन्हाळा कुणाची भीड ठेवत नाही.

सायकल धुताना पाण्याचा जोरदार फवारा थेट चाकाच्या मध्यावर मारू नये. छऱ्यांतले वंगण निघून जाते. ओल्या फडक्याने पुसा, चेन कोरडी करून तेलाचे चार थेंब द्या. आणि रस्ता अगदीच गाऱ्याचा असेल तर उतरून सायकल खांद्यावर घ्या. यात कमीपणा नाही. सायक्लोक्रॉसचे खेळाडूही तेच करतात.

पण सगळा भार सायकलस्वारावर टाकणे हे न्यायाचे नाही. साइडपट्टी चिखलाने भरलेली असली की सायकलवाला नाइलाजाने ट्रकच्या वाटेत येतो. जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांना २००३ साली महापालिका मिळाली. रस्ता करणारी यंत्रणा कोणतीही असो, पावसाळ्यापूर्वी साइडपट्ट्या मुरूम टाकून दाबून घेणे हे आरोग्याचेच काम आहे. औषधाच्या चिठ्ठीवर ‘सायकल चालवा’ असे लिहिणाऱ्या आम्हा डॉक्टरांनीही ही मागणी लावून धरायला हवी. रुग्णाला औषध सांगायचे आणि ते घेण्याची वाटच धोक्याची ठेवायची, हा कुठला उपचार?

तेव्हा मंडळी, जिन्याखालची सायकल बाहेर काढा. चाकात हवा भरा, सीट नीट करा, ब्रेक तपासा आणि येत्या सोमवारी कामाला तिच्यावरून जाऊन पाहा.