विमानातील बंदूक आणि ती बाळगणाऱ्याची परीक्षा

१/
२५ डिसेंबर २०२५ रोजी आमच्या पनवेल तालुक्यातील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली. त्याच सुमारास शेजारचे काका म्हणाले, "प्रत्येक विमानात एक बंदूकधारी पोलीस बसवला, की चिंता मिटली." हे मत अनेकांचे असते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला ते अपुरे वाटते. कारणे या धाग्यात मांडतो.

२/
माझे म्हणणे थोडक्यात असे: बंद डब्यात किंवा विमानात शस्त्र असल्याने सुरक्षितता येत नाही. ते बाळगणाऱ्याची निवड कशी झाली, त्याला कोणते शिक्षण मिळाले आणि त्याच्यावर कोणाचा अधिकार चालतो, यावर ती अवलंबून असते. विमानासाठी जगाने हा धडा रक्त सांडून गिरवला. आगगाडीसाठी आपण तो अजून गिरवलेला नाही.

३/
आरंभ १९७१ पासून करू. ३० जानेवारीला श्रीनगरहून जम्मूला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे 'गंगा' हे विमान दोन तरुणांनी लाहोरला नेले. पुढे विमान जाळण्यात आले, आणि भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. अपहरणकर्त्यांचे पिस्तूल खेळण्यातले आणि हातबॉम्ब लाकडी होता! त्या विमानात सशस्त्र पोलीस असता, तर खरे शस्त्र आणि खोटे शस्त्र यांतला भेद त्याला क्षणार्धात ओळखावा लागला असता.

४/
१० सप्टेंबर १९७६ रोजी दिल्लीहून मुंबईकडे निघालेले विमान लाहोरला पळवले गेले. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात सुरक्षेचा स्वतंत्र कक्ष निघाला. जून १९८५ मध्ये 'कनिष्क' विमानात स्फोट झाला, आणि १ एप्रिल १९८७ पासून तो कक्ष स्वतंत्र खाते झाला. हेच आजचे बीसीएएस. प्रत्येक नियमामागे एक दुर्घटना आहे, हे ध्यानात ठेवावे.

५/
५ सप्टेंबर १९८६. मुंबईहून निघालेले पॅन अ‍ॅमचे विमान कराचीला थांबले असता चार अपहरणकर्ते आत शिरले. त्यांच्या अंगावर विमानतळाच्या सुरक्षारक्षकांचा गणवेश होता. मुंबईत वाढलेल्या नीरजा भनोत यांनी प्रवाशांना वाचवताना प्राण दिले, हे आपण जाणतो. त्या घटनेचा दुसरा धडा मात्र मागे पडला: गणवेश म्हणजे ओळख नव्हे. सशस्त्र माणसाची ओळख पटवण्याचे शिक्षण दारावरच्या कर्मचाऱ्यालाही हवे.

६/
२४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला येणारे आयसी-८१४ पळवले गेले. अमृतसर, लाहोर, दुबई, कंदहार असा प्रवास झाला, रूपिन कत्याल यांची हत्या झाली, आणि ३१ डिसेंबरला तीन दहशतवादी सोडून प्रवासी परत आणले गेले. यानंतर आपल्याकडे राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे जवान 'स्काय मार्शल' म्हणून निवडक विमानांत बसू लागले. विमानतळांची राखण राज्य पोलिसांकडून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊ लागली. पहिला विमानतळ जयपूरचा, फेब्रुवारी २००० मध्ये.

७/
मग काकांचे म्हणणे खरेच की! जरा थांबा. २५ डिसेंबर १९८६ रोजी बगदादहून अम्मानला जाणाऱ्या इराकी एअरवेजच्या विमानात सशस्त्र रक्षक होते. अपहरणकर्ते उठताच झटापट झाली, आत हातबॉम्ब फुटले, आणि विमान सौदी अरेबियात अरारजवळ कोसळले. ६० हून अधिक माणसे दगावली. रक्षक हजर होते, शस्त्रेही होती, तरी विमान वाचले नाही.

८/
याउलट ६ सप्टेंबर १९७० रोजी एल अल या इस्रायली कंपनीच्या विमानात अपहरणाचा प्रयत्न झाला, तेव्हा वैमानिकाने विमान एकाएकी खाली झुकवले. अपहरणकर्त्यांचा तोल गेला. त्यांपैकी एक गोळी लागून मेला, दुसरी जिवंत पकडली गेली, आणि विमान लंडनला सुखरूप उतरले. वैमानिक आणि रक्षक यांनी एकमेकांना सावरून घेतले, म्हणून हे साधले.

९/
एक गैरसमज दूर करू. विमानात एक गोळी सुटली, की विमान फुटते, असे चित्रपटांत दाखवतात. मार्च २००८ मध्ये अमेरिकेत एका वैमानिकाचे अधिकृत पिस्तूल कॉकपिटमध्ये चुकून सुटले. विमानाच्या कवचाला भोक पडले, तरी विमान नीट उतरले. गोळी कोणाला लागते, हा खरा प्रश्न. आणि ते पिस्तूल सुटले, ते शत्रूशी लढताना नव्हे, तर नुसते ठेवताना. शस्त्र ठेवण्याची सवय हादेखील प्रशिक्षणाचाच भाग आहे.

१०/
डिसेंबर २००५ मध्ये मायामी विमानतळावर हवाई रक्षकांनी एका प्रवाशाला गोळ्या घालून ठार केले. आपल्याजवळ बॉम्ब आहे असे तो म्हणाला, असा रक्षकांचा दावा होता. बॉम्ब सापडला नाही. त्या गृहस्थांना मनोविकार होता. रक्षक निर्दोष ठरले. तरीही, संकट आणि आजार यांतला फरक ओळखण्याचे शिक्षण किती आवश्यक आहे, हे यातून कळते.

११/
म्हणूनच अमेरिकेत पोलीस असणे एवढेच पुरत नाही. केबिनमध्ये शस्त्र नेऊ इच्छिणाऱ्या अधिकाऱ्याला त्यासाठीचे वेगळे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. शस्त्राची कर्तव्यापुरती गरज दाखवावी लागते. प्रवासाआधी ८ तासांत मद्य चालत नाही, विमानात तर नाहीच. शस्त्र डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यात ठेवता येत नाही. प्रशिक्षणाचा तपशील गुप्त आहे, पण या अटी मात्र कोणत्याही नागरिकाला वाचता येतात.

१२/
आंतरराष्ट्रीय नियमही याच दिशेचे आहेत. शिकागो कराराच्या १७ व्या परिशिष्टानुसार विमानात किती सशस्त्र व्यक्ती आहेत आणि त्या कोठे बसल्या आहेत, हे वैमानिकाला सांगितले पाहिजे. १९६३ च्या टोकियो कराराने विमानातील शिस्तीचा अधिकार कॅप्टनला दिला, आणि आपण १९७५ मध्ये त्यासाठी कायदा केला. म्हणजे सशस्त्र अधिकारी विमानात एकटा मुखत्यार नसतो.

१३/
आपल्याकडे शस्त्रबंदीचे मूळ १९३७ च्या विमान नियमांइतके जुने आहे. स्काय मार्शल आणि विशेष परवानगीचे मोजके लोक वगळता केबिनमध्ये शस्त्र नेता येत नाही. एरवी पोलिसाचेही पिस्तूल रिकामे करून सामानकक्षात जाते. ही कडक शिस्त मला योग्य वाटते. पोलिसावरचा तो अविश्वास नव्हे. बंद जागेत शस्त्र बाळगणे हे वेगळे काम आहे, याची ती कबुली आहे.

१४/
आता पनवेलच्या फलाटावर या. येथून रोज हजारो माणसे लांब पल्ल्याच्या गाड्यांनी जातात, आणि सशस्त्र जवान त्यांच्या सोबतीला असतात. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर–मुंबई सेंट्रल गाडी वैतरणा ओलांडून मुंबईकडे येत असताना गोळीबारात चार जण मारले गेले: रेल्वे सुरक्षा दलाचे एक सहायक उपनिरीक्षक आणि तीन प्रवासी. आरोपी तेव्हा त्याच दलाचा, गाडीच्या बंदोबस्तावरचा शिपाई होता.

१५/
खटला न्यायालयात आहे, म्हणून निवाडा मी करणार नाही. धार्मिक द्वेष पसरवल्याचे कलमही त्यात आहे, आणि ते दृष्टीआड करू नये. मला अस्वस्थ करते ती एक नोंद. सहकाऱ्याच्या फिर्यादीनुसार त्या शिपायाने आधी प्रकृती बरी नसल्याचे सांगून मध्येच उतरू देण्याची विनंती केली होती. अशा वेळी त्याच्या शस्त्राचे काय करायचे, हे धावत्या गाडीत, पहाटेच्या अंधारात, वरिष्ठाच्या अंदाजावर सोडायचे का?

१६/
माझ्या मागण्या तीन. एक: बंद वाहनात शस्त्र बाळगणाऱ्या प्रत्येकाला, मग ते विमान असो वा गाडी, त्या जागेसाठीचे वेगळे प्रशिक्षण आणि ठराविक काळाने फेरपरीक्षा. दोन: कामावर चढण्याआधी प्रकृती व मनःस्थितीची तपासणी, आणि 'आज मला शस्त्र नको' असे म्हणणाऱ्यावर डाग न लावण्याचा नियम. तीन: या अटींचा किमान दर्जा प्रसिद्ध व्हावा.

१७/
"सुरक्षेच्या गोष्टी उघड करू नयेत," असा आक्षेप येईल. तो अर्धा मान्य. कोणत्या विमानात मार्शल आहे, तो कोठे बसतो, काय शिकतो, हे गुप्तच हवे. पण त्याला काही तरी शिकावे लागते, तो नापास होऊ शकतो आणि नापासाच्या हाती बंदूक जात नाही, एवढे कळल्याने शत्रूला काही लाभत नाही. प्रवाशाला मात्र भरवसा लाभतो.

१८/
काकांना मी एवढेच म्हणालो, "बंदूकधारी बसवा, काका, पण आधी त्याची परीक्षा घ्या, आणि ती दरवर्षी घ्या." ते म्हणाले, "मग गाडीतल्याचीही घ्या. मी अजून गाडीनेच जातो."
त्यांचे बरोबर आहे. नव्या विमानतळावरची शिस्त जुन्या फलाटापर्यंत पोहोचली पाहिजे.

धागा समाप्त. मतभेद असल्यास अवश्य लिहा.